फॉरमॅट मारण्याआधी: लिनक्सवरच्या रोजच्या अडचणींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्यामुळे धडधाकट लॅपटॉप असलेले बरेच जण लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळले आणि त्यांच्याबरोबर तेच तेच प्रश्नही आले. उत्तरं मुख्यतः लिनक्स मिंट, उबंटू आणि डेबियन हे लिनक्सचे प्रकार डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा द्यायच्या खिडकीत) त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

काहीतरी बिघडलंय. फॉरमॅट मारून पुन्हा टाकू का?

नको. निदान पहिला उपाय म्हणून तर नकोच. विंडोजच्या काळात लॅपटॉप दुकानात नेला की "फॉरमॅट मारावा लागेल" हे ऐकायची आपल्याला सवय झाली. लिनक्समध्ये काय बिघडलं याची नोंद यंत्र स्वतःच ठेवत असतं. ती न वाचता सगळं पुसून टाकलं तर कारण कळत नाही आणि तोच बिघाड महिन्याभरात पुन्हा दारात उभा राहतो.

नोंद वाचायची आज्ञा 'जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर'. यंत्र चालू केल्यापासूनच्या चुका तिच्यात दिसतात. यंत्र अचानक बंद पडून पुन्हा सुरू केलं असेल तर '-बी' च्या पुढे '-१' लिहा, म्हणजे त्याआधीच्या वेळच्या नोंदी मिळतील. प्रत्येक लाल ओळ म्हणजे बिघाड नव्हे. एसीपीआयच्या (वीज-व्यवस्थापनाच्या) तक्रारी उत्तम चालणाऱ्या लॅपटॉपवरही दिसतात. बिघाड किती वाजता झाला ते आठवा आणि त्या मिनिटाच्या ओळी पाहा.

दुसरी जागा म्हणजे 'व्हार' फोल्डरातल्या 'लॉग' मधलं 'एपीटी', आणि त्यातली 'हिस्टरी' नावाची फाइल. कोणत्या तारखेला कोणतं पॅकेज (प्रोग्रॅमचा गठ्ठा) आलं, कोणतं गेलं, हे तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. "मी काहीच केलं नव्हतं" असं वाटत असताना काल रात्री आपोआप झालेलं अपडेट तिथेच सापडतं.

मग एका वेळी एकच बदल करा आणि तपासा. पाच ठिकाणचे पाच उपाय एकदम केले, तर कशाने सुटलं ते कळत नाही आणि उरलेले चार बदल यंत्रात तसेच पडून राहतात.

नव्याने टाकणं रास्त ठरतं ते डिस्क खराब होऊन बदलली तेव्हा, किंवा वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या रिपॉझिटरी (पॅकेजचे साठे) एकात एक मिसळून गुंता पार हाताबाहेर गेला तेव्हा.

अपडेटनंतर नुसता काळा पडदा येतो.

घाबरू नका, जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) बहुधा अजून डिस्कवर आहे. यंत्र सुरू होताना एस्केप एकदा दाबा (जुन्या बायोसच्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरा). ग्रबची (सुरुवातीला काय चालू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी आली की 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नल निवडा. त्याने यंत्र सुरू झालं तर दोष नव्या कर्नलशी जुळण्यात आहे. पुढचं अपडेट येईपर्यंत जुन्यावरच काम करत राहायला काही हरकत नाही.

एनव्हिडियाचं कार्ड असेल आणि नुकतंच लिनक्स टाकलं असेल, तर ग्रबमध्ये 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. पडदा दिसला की ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर टाका. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या वेळी सुरू होताना एक निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पुष्कळ जण तो पडदा ओलांडून 'कंटिन्यू' करतात आणि मग ड्रायव्हर टाकूनही चालत नाही म्हणून दिवसभर शोधत बसतात.

वाय-फायच दिसत नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला तर इंटरनेट लागतं!

मोबाइल यूएसबीने जोडा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्स त्याला सरळ नेटवर्क कार्ड म्हणून ओळखतं, काही टाकावं लागत नाही. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉमच्या चिपचा ड्रायव्हर सहसा तिथेच मिळतो. त्याआधी 'आरएफकिल लिस्ट' चालवून पाहा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर कुणाच्या तरी हातून विमान-मोडचं बटण दाबलं गेलंय, एवढंच.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. घड्याळ बरोबर साडेपाच तास का चुकतं?

मदरबोर्डवरच्या घड्याळात जी वेळ असते ती विंडोज स्थानिक वेळ समजतं, तर लिनक्स तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ समजतं. भारताची वेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटं आहे. लिनक्सने इंटरनेटवरून वेळ जुळवून मदरबोर्डवर जागतिक वेळ लिहिली, की विंडोज तीच स्थानिक म्हणून दाखवतं आणि साडेपाच तास मागे पडतं.

सोपा उपाय म्हणजे लिनक्सला विंडोजसारखं वागायला सांगणं: 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १'. नंतर 'टाइमडेटसीटीएल' नुसतं चालवलं की ते एक लांबलचक इशारा देतं. त्याचा भर उन्हाळी वेळेवर आहे, म्हणजे वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करणाऱ्या देशांवर. भारतात ती पद्धत नसल्यामुळे इथे हा उपाय निर्धास्तपणे करा. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी मात्र उलट करावं: विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ची नोंद करून विंडोजलाच जागतिक वेळ वाचायला लावावं.

घड्याळ साडेपाच तासांऐवजी काही वर्षं मागे जात असेल तर तो वेगळा आजार आहे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. त्याचं लक्षण मजेशीर ठिकाणी दिसतं. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचं प्रमाणपत्र चुकीचं आहे म्हणतो आणि अपडेट करताना 'रिलीज फाइल अजून वैध नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. लोक इंटरनेट जोडणीवर शंका घेतात, पण बाजारात सहज मिळणाऱ्या त्या सेलने काम होतं.

विंडोजचा ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही सेव्ह होत नाही.

विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप' मुळे 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा ड्राइव्हवर लिहिलं तर माहिती बिघडू शकते, म्हणून लिनक्स तो फक्त वाचण्यापुरता उघडतं. हा अडथळा तुमच्या भल्याचा आहे, जबरदस्तीने तोडू नका. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा. आत्ता घाई असेल तर विंडोजमध्ये 'रिस्टार्ट' निवडून ग्रबमधून लिनक्समध्ये या. रिस्टार्ट करताना विंडोज पूर्ण बंद होतं.

लिनक्स अजून टाकलंच नसेल आणि ड्राइव्हवर बिटलॉकर (माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असेल, तर पार्टिशनला (डिस्कच्या भागांना) हात लावण्याआधी ४८ अंकांची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती हरवली तर माहिती परत मिळवायचा दुसरा मार्ग नाही.

पासवर्ड बरोबर आहे, तरी लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा येतो.

याचं एक नेहमीचं कारण डिस्क पूर्ण भरणं हे आहे. लॉगिन करताना तुमच्या फोल्डरात एक छोटी फाइल लिहावी लागते. तिलाही जागा उरली नाही की डेस्कटॉप उघडतो, कोसळतो आणि तुम्ही परत लॉगिनच्या दारात. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करा आणि 'डीएफ -एच' चालवा. मूळ पार्टिशनपुढे १००% दिसलं तर निदान झालं.

जागा कुणी खाल्ली ते शोधायचा क्रम मी असा ठेवतो. आधी टाइमशिफ्टचे (सिस्टिम मागे नेणाऱ्या साधनाचे) स्नॅपशॉट, कारण ते त्याच डिस्कवर साठत जातात आणि मिंटवर सर्वात मोठे गुन्हेगार बहुधा तेच असतात. मग 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने), त्याने जुने कर्नल निघून जातात. मग जर्नल, म्हणजे वर वाचलेली यंत्राची नोंद: ठरवून दिलं नसेल तर ते ४ जीबीपर्यंत वाढू शकतं. 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम' सुडोसह चालवून ते आवरता येतं. फ्लॅटपॅक (प्रोग्रॅम टाकायची वेगळी पद्धत) वापरत असाल तर न लागणारे रनटाइम काढायला 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड'. एवढं झालं की डेस्कटॉप उघडेल, आणि उरलेला शोध 'डिस्क युसेज अ‍ॅनलायझर' मध्ये चित्ररूपात घेता येईल.

दोन गोष्टी लोकांना कोड्यात टाकतात. ५०० जीबीच्या ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल साठवायची पद्धत) पार्टिशनवर सुमारे २५ जीबी जागा कुठेच दिसत नाही, कारण ५ टक्के जागा रूटसाठी (प्रशासकासाठी) राखीव असते. आणि मोठी फाइल पुसूनही जागा मोकळी झाली नाही, तर एखादा चालू प्रोग्रॅम ती फाइल अजून धरून बसलेला असतो. तो बंद केला की जागा सुटते.

'कुड नॉट गेट लॉक' असा संदेश येतो आणि काहीच इन्स्टॉल होत नाही.

मागे दुसरं अपडेट चालू आहे. पाच-दहा मिनिटं थांबा. इंटरनेटवर लॉकची फाइल पुसून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो, तो मानू नका. कुलूप लागलेलं असतं ते पॅकेजची नोंदवही अर्धवट लिहिली जाऊ नये म्हणूनच. वीज जाऊन अपडेट मध्येच तुटलं असेल, तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि त्यानंतर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' एवढ्याने बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप लिनक्सवरही हळूच चालतोय.

लिनक्स टाकलं की सगळं उडायला लागेल, असं सांगणाऱ्यांनी पुष्कळांची निराशा केली आहे. ऑपरेटिंग सिस्टिम हलकी झाली तरी ब्राउझर तोच आहे, आणि रॅम खातो तो ब्राउझर. एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घेतल्याने काही शे एमबी वाचतात. दहा टॅब उघडे असतील तर ती बचत क्षणात संपते. टॅब कमी ठेवणं आणि जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन लावणं याचा फरक त्याहून जास्त पडतो. झेडरॅम सुरू केलं तर रॅममधलीच माहिती दाबून ठेवली जाते आणि थोडा श्वास मिळतो.

पण जुनी फिरती हार्ड डिस्क काढून साधा साटा एसएसडी बसवणं, याच्या तोडीचा उपाय नाही. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर तिथेच करा, रॅम नंतर. आणि लॅपटॉप अलीकडेच हळू झाला असेल तर डिस्कची तब्येत तपासा: 'स्मार्टसीटीएल -ए' च्या उत्तरात 'रिअलोकेटेड' किंवा 'करंट पेंडिंग' सेक्टरचा (डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांचा) शेवटचा आकडा शून्याहून मोठा असेल, तर आजच आपल्या फाइल्स दुसरीकडे हलवा. तो आकडा वाढत असताना वेग वाढवायचे उपाय करत बसणं म्हणजे हाताशी असलेला वेळ घालवणं.

'फ्री -एच' पाहून "रॅम शिल्लकच नाही" असं वाटलं, तर 'फ्री' चा स्तंभ सोडून 'अव्हेलेबल' चा पाहा. रिकामी रॅम लिनक्स फाइल्स लक्षात ठेवायला वापरतं आणि गरज पडताच सोडून देतं.

सगळं गोठलंय, माउसही हलत नाही. बटण दाबून धरू?

आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३. काळा पडदा आला तर अडकलेला प्रोग्रॅम तिथून मारता येतो. तोही आला नाही तर ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन (सिसआरक्यू) धरून एस, यू, बी ही अक्षरं थोड्या थोड्या अंतराने दाबा. अनेक लॅपटॉपवर जोडीला एफएनही धरावं लागतं. एसने न लिहिलेली माहिती डिस्कवर जाते, यूने डिस्क फक्त वाचण्याजोगी होते, बीने यंत्र पुन्हा सुरू होतं. जुन्या लेखांत आर-ई-आय-एस-यू-बी अशी सहा अक्षरं दिलेली असतात. उबंटूत मुळातच पहिली तीन बंद ठेवलेली आहेत, ती चालली नाहीत म्हणून तुमचं काही चुकलेलं नाही.

मराठी टाइप कसं करायचं? आणि 'दुसऱ्या' मधला ऱ्य कुठून आणायचा?

सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या इनपुट सोर्समध्ये मराठी जोडा. उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांतून लिहायचं असेल तर 'आयबस-एम१७एन' हे पॅकेज टाकून, एकदा लॉग-आउट होऊन परत या. मग मराठीखाली फोनेटिक, आयट्रान्स असे प्रकार दिसतात. उबंटूत भाषा बदलायला सुपर आणि स्पेस.

माझा आग्रह इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीचा आहे. हा मांडणीचा आराखडा १९९१ च्या भारतीय मानकात आहे, विंडोजवर, लिनक्सवर तोच चालतो, आणि तो एकदा बोटांत बसला की कोणत्याही यंत्रावर काही न उतरवता मराठी लिहिता येतं. सुरुवातीचे काही आठवडे चीड येते, पण पुढे आयुष्यभर सुख आहे. त्यात ळ शिफ्ट-एनवर आहे. ऱ शिफ्ट-जेवर आहे. त्यानंतर डीने हलन्त आणि स्लॅशने य दिला की ऱ्य उमटतो.

इथे एक खाच आहे. तोच ऱ्य साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावूनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे आहेत. दस्तऐवजात 'दुसऱ्या' शोधूनही सापडत नसेल तर बहुधा हेच झालेलं असतं. संस्थेच्या कामात सर्वांनी एकच पद्धत ठरवून घेणं फार मोलाचं आहे.

आणि ल, श हिंदी वळणाचे दिसत असतील तर लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी करून पाहा. लोहित देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि भाषेच्या खुणेवरून योग्य ते निवडलं जातं. टर्मिनलमध्ये मात्र जोडाक्षरं तुटलेली दिसणं साहजिक आहे. फाइल बिघडलेली नसते.

जुनी मराठी फाइल उघडली की भलतीच अक्षरं दिसतात. वर्डच्या फाइलही विस्कटतात.

पहिली फाइल युनिकोडपूर्व (सगळ्या लिप्यांच्या आजच्या समान मानकाआधीच्या) फॉन्टमधली आहे, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. त्यात मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवले जातात. तो फॉन्ट तुमच्याकडे असेल तर घरच्या फोल्डरातल्या 'लोकल/शेअर/फॉन्ट्स' मध्ये ठेवून 'एफसी-कॅशे -एफ' चालवा (त्यातलं 'लोकल' टिंबाने सुरू होतं), फाइल वाचता येईल. कायमचा उपाय म्हणजे परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणणं. त्यानंतर डोळ्यांखालून नक्की घाला, रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरतात.

वर्डची फाइल विस्कटते ती बहुधा फॉन्टच्या रुंदीमुळे. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि केंब्रियाच्या मापाचा कॅलाडिया हे मोफत फॉन्ट टाका, ओळी पुष्कळशा जागेवर येतात. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन फॉन्ट असतातच.

प्रिंटर चालेल का?

एअरप्रिंट चालणारा नवा नेटवर्क प्रिंटर असेल तर ड्रायव्हरशिवाय चालतो. एचपीसाठी एचपीलिप हा ड्रायव्हर. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसतो, कॅप्ट नावाची कंपनीची स्वतःची भाषा बोलतो. त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि खटपट करावी लागते. नवा घेणार असाल तर आधी तपासून घ्या.

मीटिंग सुरू झाली की ब्लूटूथ हेडफोनचा आवाज डबक्यातून आल्यासारखा का येतो?

हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्यांच्या पद्धतीवरून फोनच्या पद्धतीवर उतरतं, आणि तिथे आवाजाची प्रत खूप कमी असते. साउंड सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, हेडफोन चांगल्या पद्धतीवर परत येईल.

पेनड्राइव्हवर कॉपी १००% झाली, पण 'इजेक्ट' ला पाच मिनिटं का लागतात?

कारण कॉपी तेव्हा खरी पूर्ण होत असते. फाइल आधी रॅममध्ये जाते आणि मग हळूहळू पेनड्राइव्हवर उतरते. पट्टी भरली म्हणून उपटून काढू नका. आणि पेनड्राइव्हवरच्या फाइल पुसूनही जागा मिळाली नाही तर कचरापेटी रिकामी करा, ती पेनड्राइव्हवरच असते.

आयएसओचं (लिनक्स टाकायच्या फाइलचं) चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे ते सांगणारा आकडा, तपासणं खरंच गरजेचं आहे का?

हो. फेब्रुवारी २०१६ मध्ये हल्लेखोरांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा बदलला होता आणि चोरवाट असलेली आयएसओ लोकांच्या हाती दिली होती. तपासायला मिनिटभर लागतं. शक्य असेल तर डिजिटल सहीसुद्धा पडताळा, कारण संकेतस्थळच ताब्यात गेलं तर त्यावरचा चेकसमही बदलता येतो.

टाइमशिफ्ट आहे, मग बॅकअपची काळजी मिटली ना?

नाही. टाइमशिफ्ट सिस्टिम मागे नेतं, तुमचे फोटो आणि कागदपत्रं मुळात त्यात धरलेली नसतात. त्यासाठी बाहेरची डिस्क आणि वेगळं साधन हवं, मिंटमध्ये 'बॅकअप टूल' आहेच. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असेल तर डिस्कबरोबर तोही जातो.

मदत मागताना काय काय लिहू?

संदेश जसाच्या तसा, भाषांतर न करता. "चालत नाही" यावरून कुणालाच काही कळत नाही. 'इन्क्सी -एफएक्सझेड' चं पूर्ण उत्तर जोडा (त्यातलं एफ मोठ्या लिपीतलं). झेडमुळे आयपी आणि मॅक पत्ते झाकले जातात, म्हणून तो विसरू नका. शेवटचं व्यवस्थित कधी चाललं होतं आणि मधे काय बदललं, तेही लिहा. कुणी उत्तरादाखल 'सुडो' ने सुरू होणारी आज्ञा दिली तर ती काय करते हे समजल्याशिवाय चालवू नका. विचारायला संकोच नको, चांगला सल्ला देणारा आनंदाने सांगतो.

माझं यंत्र ३२ बिटचं आहे. त्याचं काय?

आधी खात्री करा. 'एलएससीपीयू' च्या सुरुवातीलाच '३२-बिट, ६४-बिट' असं दोन्ही लिहिलेलं असेल तर यंत्र ६४ बिटचं आहे, त्यावर फक्त ३२ बिटचं विंडोज टाकलेलं होतं. कोअर २ ड्युओ सगळे असेच आहेत. खरोखर ३२ बिटचे म्हणजे अ‍ॅटम एन२७० असलेले छोटे नेटबुक वगैरे. डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही, त्यामुळे डेबियन १२ घ्या. त्याचा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. अशा यंत्रावर आजचं इंटरनेट चालवायचा हट्ट न धरता लेखन, गाणी, मुलांना टायपिंग शिकवणं अशा कामांना लावा.